माळ घालणे

माळ घालणे : वारकरी संप्रदायात येण्याचा विधी. तुळशीच्या 108 मण्यांची माळ गळ्यात घालायची आणि विठ्ठलाच्या साक्षीने काही नेम जन्मभर पाळण्याचे कबूल करायचे, एवढाच त्याचा अर्थ. माळ घातलेला तो माळकरी. नाशिक जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. सोयरीक जुळवताना ‘घर माळकरी आहे’ म्हटले, की स्वयंपाकघराबद्दल वेगळे विचारावे लागत नाही.

विधीला फार सामग्री लागत नाही. माळ ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवतात. फडाचा (वारकऱ्यांच्या एका परंपरेचा) प्रमुख, कीर्तनकार महाराज किंवा गावातला जुना वीणेकरी नेम सांगतो, घेणारा हो म्हणतो आणि विठ्ठलाच्या गजरात माळ गळ्यात पडते. मग दोघे एकमेकांच्या पाया पडतात, देणारासुद्धा. कानात सांगायचा गुप्त मंत्र येथे नाही. ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र गुरू बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना स्वप्नात दिला आणि तुकोबांनी तो उघड सांगून टाकला. जातीची अट नाही. बायकाही माळ घालतात.

नेम असे : पंढरीची वारी, दर महिन्याच्या दोन्ही एकादश्या, रोज हरिपाठ, मद्यमांस वर्ज्य, खरे बोलणे, परस्त्री मातेसमान. पाळायला अवघड कोणता, हे ज्याचे त्याला ठाऊक. लोकांच्या डोळ्यांवर मात्र खाण्यापिण्याचाच नेम येतो. पाहुणचारापुरती माळ खुंटीला टांगणारा माळकरी हा कीर्तनातला हमखास हशाचा विषय आहे.

माळ तुटली तर ती ओवून पुन्हा गळ्यात घातल्याखेरीज अन्नपाणी घ्यायचे नाही, असा दंडक आहे. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत मांडवाखाली वाकून काम करताना माळ तारेत अडकली, की मणी थेट मातीत. जेवणाची सुटी झाली, बाकीच्यांनी भाकरीची फडकी सोडली, तरी माळकरी ओल्या सरीत मणी वेचत बसतो. त्या वेळी त्याच्या मनात भक्ती असते की नुसती भूक, हे नेम विचारत नाही. या साधनेचे मर्म इथेच आहे. आधी श्रद्धा पक्की व्हावी आणि मग नेम घ्यावा, असा क्रम संप्रदायाने लावलेला नाही. नेम आधी. रोज तोच हरिपाठ म्हणता म्हणता कधीतरी त्यातली ओळ आपली वाटू लागते, आणि श्रद्धा बहुधा त्या वाटेने येते.

नेम म्हणजे आज्ञाच. आज्ञेला इतके वजन का, याचे उत्तर त्र्यंबकेश्वरात सापडते. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू असताना वाघ आला, कुटुंबाची पांगापांग झाली आणि वाट चुकलेल्या निवृत्तीला गुहेत गहिनीनाथ भेटले, अशी कथा आहे. नाथपंथातल्या गोरक्षनाथांकडून गहिनीनाथांना मिळालेले ज्ञान निवृत्तिनाथांकडे आले आणि त्यांनी ते ज्ञानदेवांना दिले. कलीने गांजलेल्या जीवांचे दुःख हरण कर, ही गहिनीनाथांची आज्ञा होती आणि तिच्यातूनच आपला ग्रंथ झाला, असे ज्ञानदेव ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी सांगतात. नेवाशात शके 1212 (इ. स. 1290) मध्ये तो पूर्ण झाला. रूढ सनांप्रमाणे हा गुरू शिष्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा, तोही सख्खा भाऊ. थोरल्या भावाचे ऐकणारे मिळतात. पाठीवरच्या भावाने थोरल्याला गुरू मानून ग्रंथभर त्याला वंदन करणे विरळाच. ज्ञानदेवांच्या समाधीनंतर, शके 1219 मध्ये, निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी त्यांची समाधी आहे.

तेथे पौष वद्य एकादशीला मोठी यात्रा भरते. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव या भागांतून दिंड्या पायी येतात. नाशिक ओलांडले की त्र्यंबकेश्वर एका मोठ्या दिवसाची चाल, जवळपास 30 किलोमीटर. द्राक्षाच्या ऐन हंगामात बाग शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून आलेलेही त्यांत असतात. आषाढी-कार्तिकीप्रमाणे याही यात्रेत माळ घालतात. दिवस एकादशीचा, त्यामुळे माळ गळ्यात पडते त्याच दिवशी पहिला उपास घडतो आणि पौषाच्या थंडीत रात्रभर जागर. द्वादशीच्या सकाळी पारणे सोडून दिंड्या परतीला लागतात.