टीआरएनएचे तुकडे: कचऱ्यातून उलगडलेली गोष्ट

टीआरएनए म्हणजे पेशीतला हमाल. प्रथिनाची वीट असलेलं अमिनो आम्ल उचलायचं, प्रथिनं जोडणाऱ्या रायबोसोमपाशी पोचवायचं, की पुढची खेप. रॉबर्ट हॉली यांनी १९६५ मध्ये यीस्टमधल्या अ‍ॅलॅनीनवाहू टीआरएनएचा क्रम उलगडला. १९६८चं नोबेल त्यांना हरगोविंद खुराना आणि मार्शल निरेनबर्ग यांच्या जोडीनं मिळालं. पुढं कित्येक वर्षं या रेणूचे तुटके अर्धे भाग दिसले, तर नमुना खराब झाला असंच बहुतेकांनी धरलं.

तुकडे मुद्दाम पाडले जातात, याची पहिली ठळक खूण जिवाणूंमध्ये मिळाली. ई. कोलायच्या काही वाणांवर टी-४ विषाणूनं हल्ला केला, की जिवाणू स्वतःचाच लायसीनवाहू टीआरएनए नेमका अँटिकोडॉनच्या, म्हणजे जनुकीय संदेश वाचणाऱ्या तीन अक्षरांच्या, जागी कापतो. प्रथिनं बनणं थांबलं की विषाणूचंही अडतं. पण टी-४ही वस्ताद: तुटलेली टोकं सांधणारी एन्झाइमं तो बरोबरच आणतो. हा डाव १९८७ च्या सुमारास उलगडला. मग २००५ मध्ये टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाची उपासमार केली, तर तिथंही टीआरएनए त्याच जागेशी तुटलेले आढळले.

सस्तन प्राण्यांत कात्री कोणाची? उत्तर भलत्याच खात्यात पडून होतं. हार्वर्डमध्ये बर्ट व्हॅली यांच्या गटानं १९८५ मध्ये आतड्याच्या कर्करोगपेशींपासून अँजिओजेनिन वेगळं केलं. ते नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतं, म्हणून हे नाव. माझ्या मते या नावानंच बराच काळ चकवलं, कारण मुळात ते आरएनए कापणाऱ्या एन्झाइमांच्या कुळातलं आहे. एरवी पेशीत एक प्रथिन त्याला जखडून ठेवतं. आर्सेनाइट (आर्सेनिकचं विषारी संयुग), उष्णता किंवा अतिनील किरणांचा ताण आला की अँजिओजेनिन टीआरएनए कापतं, हे २००९ मध्ये दोन गटांनी दाखवलं. त्यातला एक बॉस्टनमधला पॉल अँडरसन यांचा.

कापले जातात ते थोडेच, त्यामुळे हमालांचा तुटवडा पडत नाही. परिणाम घडवतात ते तुकडेच. अ‍ॅलॅनीन आणि सिस्टीनवाहू टीआरएनएच्या पुढच्या अर्ध्या भागाच्या टोकाशी ग्वानिन या आरएनएच्या अक्षराची रांग असते. हे तुकडे प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या घटकांना एमआरएनएवरून, म्हणजे प्रथिनाची कृती वाहणाऱ्या रेणूवरून, हुसकावतात; प्रथिनं बनणं मंदावतं आणि पेशीची शक्ती तगून राहण्यासाठी वाचते.

एएलएस या चेतापेशींच्या आजाराच्या काही रुग्णांत अँजिओजेनिनच्या जनुकातले बिघाड २००६ मध्येच नोंदले गेले होते, ताणात ते टीआरएनए कापतं हे दाखवलं जाण्याच्या तीन वर्षं आधी.