घरच्या सिम्युलेटरचे तास लायसन्ससाठी मोजतात का?

फॉरवर्ड फिरतो तो असा: विमान उडवायच्या गेममध्ये रिअलिझम (विमान किती खऱ्यासारखं वागावं ती सेटिंग) फुल्ल ठेवून घरच्या पीसीवर २०० तास उडवा, ते पायलट लायसन्ससाठी धरले जातात. तसं नाहीये. २०० हा आकडा खरा आहे, आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला तेवढे तास लागतात, पण ते खऱ्या विमानातले. सिम्युलेटरचे थोडेफार चालतात तेही मान्यता असलेल्या मशीनवरचे, लॉगबुकात सहीनिशी लिहिलेले. विश्वास बसला तर नवल नाही, स्क्रीनवर सगळं इतकं हुबेहूब दिसतं ना.

आणि काही गोष्टी खरंच बरोबर असतात. करून बघा: सेसना १७२ हे छोटं विमान नागपूरच्या रनवेवर लावा, तापमान आधी १५ ठेवा, मग आपला मे महिना, म्हणजे ४५. दुसऱ्यांदा विमान रनवे खातच राहतं, कारण गरम हवा पातळ, पंखांना उचल कमी आणि इंजिनलाही दम कमी. विमानाला वाटतं आपण जवळपास ४,९०० फुटांवर आहोत, नागपूर तर हजारेक फुटांवरच आहे!

आता ढगात शिरून वळण घ्या. खऱ्या विमानात काही सेकंदांनी कानातला तोल फसवतो, वळत असूनही सरळ चाललोय असं वाटतं. घरी खुर्ची हलतच नाही, तर फसवणार कोण? स्वस्त जॉयस्टिकची स्प्रिंगपण वेग वाढला म्हणून जड होत नाही.

मी स्वतः रिअलिझम अर्धाच ठेवतो, संध्याकाळी चहा घेऊन अंबाझरी तलावावरून चक्कर मारायला तेवढा पुरतो.