पालेर्मो: शहरदर्शन आणि एका दिवसाच्या सहली

पालेर्मो हे इटलीतल्या सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं राजधानीचं शहर. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलं, मग कार्थेज, रोम, बायझंटाइन, 831 मध्ये अरब, 1072 मध्ये नॉर्मन, पुढे जर्मन सम्राट, स्पॅनिश, बूर्बों असे राज्यकर्ते बदलत गेले आणि प्रत्येकाचं काही ना काही अजून उभं आहे. पण इथे जाणाऱ्याने एक धागा पकडून फिरावं असं मनापासून वाटतं, तो म्हणजे बाराव्या शतकातला अरब-नॉर्मन काळ, कारण असं काम दुसरीकडे कुठे फारसं बघायला मिळत नाही. 2015 साली युनेस्कोने या काळातल्या नऊ वास्तू जागतिक वारसा यादीत घेतल्या, त्यातल्या सात पालेर्मोत आणि उरलेल्या दोन मोनरेआले आणि चेफालूला. म्हणजे शहर आणि जवळच्या दोन सहली मिळून खरं तर एकच गोष्ट पूर्ण होते.

गोष्ट साधारण अशी. नॉर्मन हे उत्तर फ्रान्सकडून आलेले लढवय्ये, त्यांनी बेट जिंकलं खरं, पण इथले अरब कारागीर, ग्रीक कारकून, हिशेब ठेवायची पद्धत, बागा, पाण्याचे पाट सगळं कामाला लावलं. 1130 च्या नाताळात दुसरा रॉजर इथे राजा झाला. त्याच्या दरबारात अल-इद्रिसी नावाचा मुस्लिम भूगोलतज्ज्ञ होता, त्याने राजासाठी जगाचे नकाशे आणि मोठा ग्रंथ 1154 मध्ये पूर्ण केला. राजवाड्यात एक पाण्याचं घड्याळ होतं, त्याचा 1142 चा शिलालेख लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत आहे. सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं मात्र समजू नये, मुसलमानांवर पुढे अत्याचार झाले आणि तेराव्या शतकात उरलेल्यांना बेटावरून हाकलून इटलीच्या मुख्य भूमीवर नेलं. तरी त्या शंभरेक वर्षांत जे बांधलं गेलं ते बघून थक्क व्हायला होतं.

सुरुवात राजवाड्यातल्या कापेल्ला पालातिना या राजाच्या चॅपेलपासून करावी, सकाळी उघडल्या उघडल्या, कारण नंतर मोठमोठे ग्रुप येतात आणि जागा लहान आहे. भिंतींवर सोन्याच्या पार्श्वभूमीवरची बायझंटाइन मोझाइक म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, खाली संगमरवरी फरशीची नक्षी, आणि डोक्यावर लाकडी छत. सगळे मोझाइककडेच बघत राहतात पण छताकडे दहा मिनिटं तरी बघाच, मान दुखली तरी चालेल. मधमाशीच्या पोळ्यासारखे कोरीव कप्पे, मुस्लिम कारागिरांच्या पद्धतीचे, आणि त्यात रंगवलेली वाद्यं वाजवणारी, मद्य पिणारी, बुद्धिबळ खेळणारी माणसं. ख्रिस्ती राजाच्या चॅपेलवर हे छत! इथली प्राणप्रतिष्ठा 1140 ची. याच राजवाड्यात आजही सिसिलीची विधानसभा भरते, त्यामुळे राजेशाही दालनं रोज उघडी नसतात, जायच्या आधी वेळा बघून घ्याव्यात.

तिथून कोर्सो व्हित्तोरिओ एमानुएले रस्त्याने, ज्याला लोक कासारो म्हणतात, समुद्राकडे चालत निघालं की आधी कॅथेड्रल लागतं. अरबांच्या काळात इथे मशीद होती आणि दक्षिणेकडच्या मुख्य प्रवेशमंडपाच्या एका खांबावर कुराणातली ओळ कोरलेली अजूनही दिसते. आतलं रूप अठराव्या शतकात बदललं म्हणून बाहेरून जेवढं भारी वाटतं तेवढं आतून नाही, पण रॉजर आणि त्याचा नातू सम्राट दुसरा फ्रेडरिक यांच्या जांभळट पॉर्फिरी दगडाच्या कबरी तिथेच आहेत. पुढे क्वात्रो कांती हा सतराव्या शतकातला चौक, त्याला लागून पियाझ्झा प्रेतोरिया आणि तिथलं फ्लॉरेन्सहून विकत आणलेलं भलंमोठं कारंजं. दोन पावलांवर सान काताल्दो हे तीन लाल घुमटांचं छोटं चर्च, आणि शेजारी मार्तोराना, रॉजरच्या आरमारप्रमुखाने 1143 च्या सुमारास बांधलेलं. इथल्या एका मोझाइकमध्ये ख्रिस्त स्वतःच्या हाताने रॉजरच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय, मध्ये पोपबिप कुणी नाही, यातला राजकीय अर्थ तेव्हाच्या माणसाला लगेच कळत असणार.

झीसा हा उन्हाळी महाल थोडा लांब पडतो म्हणून लोक वगळतात, वगळू नये. कारंज्याचं दालन, आतून वाहणारं पाणी आणि समुद्राकडून येणारा वारा यावर गारवा राहावा अशी रचना आहे. तिथल्या संग्रहात 1149 चा एका स्त्रीचा स्मृतिदगड आहे, तिचा मुलगा राजाच्या सेवेतला ख्रिस्ती पाद्री, पण मजकूर लॅटिन, ग्रीक, अरबी आणि हिब्रू लिपीतली अरबी असा चार प्रकारे लिहिलाय. एका दगडात तो काळ समजतो.

बाकीचं शहर आवडीप्रमाणे. पालाझ्झो आबातेल्लीस या कलासंग्रहालयातलं ‘मृत्यूचा विजय’ हे प्रचंड भित्तिचित्र, तेआत्रो मास्सिमो हे 1897 मध्ये सुरू झालेलं इटलीतलं सगळ्यात मोठं ऑपेरागृह (1974 ते 1997 चक्क बंद होतं), बोटॅनिकल गार्डन आणि पियाझ्झा मारिनामधले पारंब्यांचे अवाढव्य फायकस, जे मूळचे ऑस्ट्रेलियातले असले तरी आपल्याला वडाच्या जातकुळीतले म्हणून लगेच ओळखू येतात. कापुचिन मठाच्या तळघरात हजारो माणसांची वाळवलेली शवं कपड्यांसकट भिंतींना लावून ठेवलीत, लहान मुलं बरोबर असतील तर विचार करून जा, आणि फोटो काढायला मनाई आहे ती पाळा, ती कुणाची तरी माणसं आहेत.

शहराच्या जखमाही दिसतात. 1943 च्या बॉम्बहल्ल्यांत जुना भाग उद्ध्वस्त झाला, नंतर माफिया आणि बिल्डरांच्या संगनमताने भोवतालच्या संत्र्या-लिंबाच्या बागा जाऊन काँक्रीट आलं. विमानतळाला फाल्कोने आणि बोर्सेल्लीनो या 1992 मध्ये माफियाने मारलेल्या दोन न्यायाधीशांचं नाव आहे, आणि तिथून शहरात येताना कापाचीजवळ महामार्गाच्या कडेला, फाल्कोनेला ज्या स्फोटात मारलं त्या जागी लाल स्मारकस्तंभ उभे आहेत. माफियाच्या नावाचे टीशर्ट, मॅग्नेट घेऊ नयेत, इथल्या लोकांना ते लागतं.

खाणं हा शहरदर्शनाचाच भाग. बाल्लारो आणि कापो हे सकाळचे बाजार, विक्रेते सुरात ओरडत असतात. वुच्चिरियाचा मात्र बाजार आता नावापुरता, तिथली गर्दी रात्रीची. शाकाहाऱ्यांसाठी चांगली बातमी म्हणजे पानेल्ले, चण्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, तीळ लावलेल्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. बरोबर बटाट्याचे क्रोक्के. पण स्फिंचोने हा जाड पिझ्झा घेताना विचारा कारण त्यात सहसा अँचोव्ही मासे असतात, आणि भाताची तळलेली आरांचिना ‘बुर्रो’ म्हणजे लोण्याची म्हणून मिळते त्यातही हॅम असतं, पालकाची मिळाली तर घ्या, तीही विचारूनच. गोडात कान्नोली म्हणजे तळलेल्या कुरकुरीत नळ्या, समोर ताजं रिकोट्टा चीज भरून देणाऱ्याकडूनच.

आता सहली. मोनरेआले शहराच्या वरच्या डोंगरावर, पियाझ्झा इंदिपेंदेन्झाकडून सिटी बस जाते, अर्धा दिवस पुरतो. दुसऱ्या विल्यमने 1174 च्या सुमारास हे कॅथेड्रल सुरू केलं आणि आतलं मोझाइक 6000 चौरस मीटरच्या वर आहे, नोआची नौका, आदम-हव्वा, सगळ्या कथा भिंतीवर ओळीने, वाचता न येणाऱ्यालाही समजतील अशा. शेजारच्या मठाच्या चौकात जोडीजोडीने उभे असे 228 खांब आहेत, वरची कोरीव टोकं प्रत्येक वेगळी. पुष्कळ लोक वेगळं तिकीट म्हणून चौक सोडून देतात, हे फार चुकीचं. दुपारी कॅथेड्रल बंद असण्याची शक्यता असते तेव्हा सकाळीच जावं, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

चेफालूला पूर्ण दिवस द्या. पालेर्मो सेंत्रालेवरून ट्रेनने साधारण तासभर, उजवीकडे डोंगर डावीकडे समुद्र, म्हणून जाताना डावी खिडकी धरा. रॉजरने 1131 मध्ये सुरू केलेल्या कॅथेड्रलच्या गाभाऱ्यातला मोझाइकचा ख्रिस्त 1148 चा, हातातल्या उघड्या पुस्तकात एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन. रॉजरला स्वतःला इथेच पुरलं जावं अशी इच्छा होती आणि त्यासाठी पॉर्फिरीच्या पेट्याही ठेवल्या होत्या, पण त्याला पालेर्मोतच पुरलं आणि पेट्या पुढे फ्रेडरिकने तिकडे नेल्या, म्हणजे पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये बघितलेली फ्रेडरिकची कबर आणि हे चर्च एकमेकांशी जोडलेलं आहे. मागचा ला रोक्का हा सुळका चढायचा तर उन्हाच्या आधी, पाणी बरोबर घेऊन. नंतर खाली बीच आहेच.

बीच जवळचाच हवा तर मोंदेल्लो, सिटी बसने. वाटेतला मोंते पेल्लेग्रीनो डोंगर सांता रोसालिया या पालेर्मोच्या रक्षक संतिणीचा, 1624 च्या प्लेगमध्ये तिच्या अस्थी सापडल्या आणि मिरवणुकीनंतर साथ ओसरली अशी श्रद्धा, म्हणून दर 14 जुलैच्या रात्री मोठा रथ निघतो. श्रीलंकेहून आलेले तमिळ, त्यात हिंदूसुद्धा, हा डोंगर भक्तीने चढतात.

सेजेस्ता पश्चिमेला, गाडी असेल तर उत्तमच. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातलं 36 खांबांचं, कधीच पूर्ण न झालेलं ग्रीक पद्धतीचं देऊळ, आसपास फक्त टेकड्या. आग्रिजेंतो ट्रेनने दोन तासांवर आहे, जाऊन येता येतं पण तिथली प्राचीन ग्रीक देवळांची ‘मंदिरांची दरी’ दुपारच्या उन्हात बघण्यात अर्थ नाही, तिथे एक रात्र राहा. एटना ज्वालामुखी तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पालेर्मोहून एका दिवसात करू नये, ती कातानियाहून करायची सहल. एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ बरा. भाड्याची गाडी शहरात असताना घेऊच नका, जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदीचे पट्टे आहेत आणि कॅमेऱ्याने दंड होतो, सेजेस्ताला निघायच्या दिवशी सकाळी घ्या.