बालसंगोपन योजना: ‘पर्यायी कुटुंब’ ते आईचं बँक खातं

बालसंगोपनाच्या अर्जाला एक फोटो जोडावा लागतो. घरासमोर, मुलाला शेजारी उभं करून काढलेला. फोटोआधी आई मुलाचे केस पाण्याने चापून बसवते, दारातली बादली पायानेच बाजूला सारते. बाकी कागद नेहमीचे: आधार, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुकाची झेरॉक्स. आणि पालकाचा मृत्यूदाखला. मुलाची आबाळ होऊ नये, त्याच्यावर हात उठण्याची वेळ येऊ नये म्हणून घराला दरमहा पैशाचा आधार देणाऱ्या महाराष्ट्र सरकारच्या योजनांत ही सर्वांत रुळलेली. तिच्यात मृत्यूदाखल्याला एवढं वजन कसं आलं, त्याचीच ही गोष्ट.

1924चा मुंबई इलाख्याचा बालकायदा, मग उभी राहिलेली रिमांड होम, 1948चा सुधारित कायदा, सगळ्यांचा रोख मुलाला घराबाहेर काढून सांभाळण्यावर होता. ‘रिमांड होमला टाकीन’ ही धमकी अजून घरोघरी ऐकू येते, ती तिथूनच आलेली. मुलाला घरच्यासारख्या वातावरणात ठेवून मदत करायची, हे राज्याच्या धोरणात आलं सत्तरच्या दशकात. पण आलं ते परक्या शब्दाचं बोट धरून: फॉस्टर केअर.

गोंधळ इथून सुरू होतो. फॉस्टर केअर म्हणजे आई-वडील सांभाळू शकत नाहीत म्हणून मूल काही काळ दुसऱ्या घरी ठेवणं. कागदोपत्री अजूनही तेच लिहिलेलं असतं: मुलाला संस्थेत न घालता ‘पर्यायी कुटुंब’ उपलब्ध करून देणे. प्रत्यक्षात परकं मूल घरात घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही. नातेवाइकांकडे वाढणारी मुलं आली, आणि त्यांच्या मागोमाग नवरा गेलेल्या, टाकलेल्या बायकांची मुलं. म्हणजे पर्यायी कुटुंब कोण, तर मुलाची सख्खी आई. ‘माझंच पोर, मी त्याची पर्यायी कशी?’ असं एखादी विचारते तेव्हा कार्यकर्त्याकडे उत्तर नसतं. 2005मध्ये नाव बदलून ‘बालसंगोपन’ झालं. हा शब्द सोयीचा आहे, कारण त्यात परक्या घरी सांभाळणं आणि आईनेच सांभाळणं, दोन्ही बसतं. नेमकी म्हणूनच गुंतागुंत सुटली नाही.

2015च्या बाल न्याय कायद्याने या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. कलम 44मधलं प्रतिपालकत्व म्हणजे ज्या घरात मुलाचे जन्मदाते किंवा दत्तक पालक नाहीत असं घर. कलम 45मधलं प्रायोजकत्व म्हणजे मूल ज्या घरात वाढतंय त्या घराला पैशाचा आधार. कायद्याच्या चष्म्यातून पाहिलं तर राज्यातली बहुतेक ‘संगोपनाची’ मुलं प्रायोजकत्वात मोडतात. पण कलम 45 कुणाला मदत द्यायची म्हणतं? विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकलेली आई. नातेवाइकांकडे राहणारं अनाथ मूल. जीवघेण्या आजाराने ग्रासलेले पालक. अपघाताने असमर्थ झालेले पालक. दारू नाही, रोजची मारहाण नाही. कलमाची भाषा ‘यांचा समावेश असेल’ अशी आहे, म्हणजे यादी वाढवता येते. कार्यालयात मात्र ती संपूर्ण असल्यासारखी वाचली जाते.

राज्याच्या निकषांत एक वाक्य वेगळं आहे. पालकांमधला तीव्र बेबनाव, मुलाची हेटाळणी किंवा दुर्लक्ष, कोर्टकचेरी किंवा पोलीस तक्रार, अशा अपवादात्मक परिस्थितीतली मुलंही पात्र ठरतात. माझ्या मते अख्ख्या योजनेत छळ होण्याआधी घरात शिरणारी वाट हीच. तिला ‘अपवादात्मक’ म्हणून टाकलं हीच खरी मेख. केंद्राच्या महिला व बालविकास खात्याच्या 2007च्या देशव्यापी पाहणीत, घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी 88.6 टक्क्यांना मारणारे आई-वडीलच निघाले होते. अपवाद कसला मग?

पैशाचा इतिहास त्यामानाने सरळ. दरमहा 425 रुपये कित्येक वर्षं होते. तेवढ्यात वह्या आणि एक चप्पलजोड. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर 2021मध्ये 1,100 झाले, 2023मध्ये 2,250, आणि योजनेला सावित्रीबाईंचं नाव लागलं. कोविडने खरा बदल केला तो दुसरा. एक पालक गमावलेल्या मुलांचे अर्ज गठ्ठ्यांनी आले, एकल महिलांच्या संघटनांनी तहसीलच्या दारात बसून ते भरून घेतले. त्यापूर्वी ज्या तालुक्यांत योजनेचं नावही माहीत नव्हतं तिथे ती ‘विधवांच्या मुलांची योजना’ म्हणून घट्ट झाली. चांगलंच झालं. मृत्यूदाखला मात्र त्यानंतर आणखी वर सरकला.

केंद्राचं प्रायोजकत्व 2022पासून दरमहा 4,000 रुपये आहे, वार्षिक उत्पन्नाची अट ग्रामीण भागात 72,000 आणि इतरत्र 96,000. राज्य आणि केंद्र, दोन्हींचे पैसे एका मुलाला मिळत नाहीत, त्यामुळे कुठला फॉर्म भरायचा यावरच अर्धा दिवस जातो. शिवाय दोन्हीकडे फाईल बालकाच्या नावाने चालते. घराला मदत हवी असली तरी आधी गृहचौकशी, मग मुलावर ‘काळजी व संरक्षणाची गरज’ असा शिक्का, मग आदेश. शेजारपाजाऱ्यांना चौकशीची गाडी दिसते, मदत दिसत नाही.

तक्रारीची बाजू या काळात झपाट्याने पुढे गेली. 1996मध्ये मुंबईतल्या एका समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन देशभर पोचली आणि 2023मध्ये सरकारी यंत्रणेकडे गेली. 2012च्या पोक्सो कायद्याने लैंगिक गुन्ह्याची खबर न देणं हाच गुन्हा ठरवला. ते हवंच होतं. पण तेव्हापासून कार्यकर्तीसमोर आई बोलताना मध्येच थांबते.

आणि नवरा जिवंत आहे, पितो, पोराला पट्ट्याने मारतो, पण तक्रार द्यायची नाही, अशा बाईचा अर्ज भरायला घेतला की पेन अजून पालकाच्या मृत्यूच्या तारखेपाशी थांबतं.