एकाच ट्रंपेटचे तीन ट्रंपेट, आणि त्यात किराणा घराणं

1980 साली जॉन हॅसल आणि ब्रायन ईनो या दोघांचा 'फोर्थ वर्ल्ड, व्हॉल्यूम 1: पॉसिबल म्युझिक्स' हा अल्बम आला. हॅसल अमेरिकन ट्रंपेटवाला, ईनो इंग्लंडचा, अ‍ॅम्बियंट म्युझिक (लक्ष न देताही मागं वाजत राहील असं संगीत) हे नाव रूढ करणारा. पहिल्यांदा ऐकताना यात ट्रंपेट आहे हेच कळत नाही, लांब कुठंतरी कोणीतरी श्वास सोडत सोडत गातंय असं वाटतं.

आणि गातंय हे तसं खरंच आहे, कारण हॅसल 70च्या दशकात पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकला. प्राणनाथ किराणा घराण्याचे, म्हणजे मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ आणि आपले भीमसेनजी ज्या घराण्याचे तेच. आता गोची अशी की ट्रंपेटला असतात तीन व्हॉल्व्ह, एक दाबला की नळीची लांबी वाढते आणि स्वर एकदम पायरी उतरतो, त्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, कुठून आणणार? पण स्वर फक्त नळी ठरवत नाही, ओठांचं कंपनही ठरवतं. ओठ सैल सोडले तर स्वर नळीच्या नैसर्गिक कंपनसंख्येपासून थोडा घसरवता येतो, फक्त आवाज पातळ होतो आणि हवा जास्त ऐकू येते. एरवी ट्रंपेटचे मास्तर यालाच कच्चा आवाज म्हणतील, हॅसलनं त्याचीच गायकी केली.

याच्यापुढे येतं हार्मोनायझर नावाचं यंत्र. ते आवाजाचे आकडे करून मेमरीत लिहितं आणि वेगळ्या स्पीडनं वाचतं. जोरात वाचलं की स्वर चढतो, पण मग मटेरियल लवकर संपतं, म्हणून यंत्र मागं उडी मारून तोच तुकडा परत वाचतं, आणि सांधा नीट जुळला नाही की किंचित खरखर येते. रेशो 3:2 ठेवला तर 440 हर्ट्झच्या जोडीला 660, म्हणजे वाजवाल त्या प्रत्येक स्वराचा पंचम (त्या स्वराला सा धरला तर येणारा प). तुम्ही मींड घेतली की पंचमही तश्शीच मींड घेतो, शंभर टक्के समांतर, असं दोन माणसांना जमणं महाकठीण.

पण यंत्राला राग कळत नाही ना! समजा भूप राग वाजवला. सा चा प, रे चा ध इथपर्यंत ठीक, पण ग चा पंचम येतो नी, जो भूपात वर्ज्य आहे. म्हणजे कलाकार रागात आणि त्याची सावली रागाबाहेर. माझ्या मते या संगीतातलं ते गूढ-बिढ जे काही म्हणतात ते बरंचसं इथून येतं.

ईनोकडे दुसरी युक्ती आधीपासून होती. 1973 चा गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिपबरोबरचा अल्बम घ्या. दोन टेप रेकॉर्डर शेजारी, एकच टेप दोन्हींतून जाते, पहिला रेकॉर्ड करतो, दुसरा तेच थोड्या वेळानं वाजवतो आणि तो आवाज परत पहिल्याकडे जातो. टेप सेकंदाला 19 सेंटीमीटर धावत असेल आणि दोन मशीनच्या मधे मीटरभर अंतर असेल तर उशीर साधारण पाच सेकंदांचा. प्रतिध्वनी 30-40 मिलिसेकंदांच्या आत आला तर कान त्याला मूळ आवाजातच धरतो, पाच सेकंदांनी आला तर मात्र तो चक्क दुसरा वादक होतो, आणि तुम्हाला स्वतःच्याच मघाच्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं, चुकलं असेल तर तेही परत परत ऐकत बसायचं.

म्हणून असल्या अल्बमवर कुणी काय वाजवलं हे विचारून फारसं हाती लागत नाही. 'पॉसिबल म्युझिक्स'वर घटम आणि काँगा (उभे ढोल) सुद्धा आहेत, हातानं वाजवलेले. दुसरी बाजू म्हणजे एकच वीसेक मिनिटांचा तुकडा, सुरुवात तिथूनच करा, आणि फोनच्या स्पीकरवर नको, खालचे स्वर गायबच होतात. आवडलं तर 1983 चा 'आका दरबारी जावा' आहेच, दरबारी राग थेट नावातच.