ठोकर मारून पळालेल्यासाठी कायद्याने ठेवलेले २४ तास

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत राज्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, कारण टँकर आणि ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. राग होता जुन्या भारतीय दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतल्या कलम १०६(२) वर. बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता चालक पसार झाला, तर १० वर्षांपर्यंत कैद. चालकांची तक्रार साधी होती: थांबलं तर पब्लिक मारणार, पळालं तर दहा वर्षं आत. २ जानेवारीला केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेला चर्चेचं आश्वासन दिलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली, पण हे पोटकलम तेवढं बाजूला ठेवून.

मुळात पळून जाणं हा मुद्दा आपल्या कायद्यात उशिराच आला. भारतीय दंड विधानात ३०४-अ हे कलम घातलं गेलं १८७० साली, म्हणजे मोटारी यायच्या आधी. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर जास्तीत जास्त २ वर्षं; चालक थांबला की पळाला, याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नव्हतं. नव्या संहितेने ही शिक्षा ५ वर्षांपर्यंत नेली.

पळण्याबद्दल नीट बोलतं ते मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १३४. जखमीला दवाखान्यात पोचवणं चालकाचं कर्तव्य आहे, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे. होय, जमावाची भीती खुद्द कायद्याच्या मजकुरातच आहे. मात्र मग चालकाने लवकरात लवकर, फार तर २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात हजर होऊन काय घडलं ते सांगायचं. मदत का करता आली नाही, तेही. हे न केल्यास सुरुवातीला ३ महिने कैद किंवा ५०० रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो ६ महिने किंवा ५,००० रुपये झाला. पाचशे रुपयांच्या धाकाने कोण ठाण्यात जाणार होतं? लायसन्स काढताना हे २४ तास कुणी ठसवून सांगतही नाही.

म्हणून घाबरून निघून गेलेला साधा, कुटुंबवत्सल माणूस हे तास भलत्याच कामात घालवतो. फुटलेला हेडलाइट दूरच्या गॅरेजात बदलून घेतो, तो रस्ता टाळतो, सकाळी पेपरात 'अज्ञात वाहनाच्या धडकेत' अशी बातमी शोधतो. माणूस वाचला की गेला, एवढंच त्याला हवं असतं आणि तेच कुणाला विचारता येत नाही. ही टोचणी खरीच असते. पण तिचा धडक बसलेल्याच्या घराला काडीचा उपयोग नाही, आणि हिशेब मांडला की हे फार बोचतं.

गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६१ लागतं, म्हणजे ठरावीक भरपाई. १९८८ च्या कायद्यात मृत्यूसाठी ८,५०० रुपये होते, १९९४ मध्ये २५,००० झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून २ लाख. गंभीर जखमीला ५०,०००. तहसील पातळीवर अर्ज, आणि विषय संपला. गाडी सापडली तर दावा जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. समजा, गेलेला माणूस ३२ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिना १५,००० कमाई, घरात अवलंबून चौघं. वर्षाचे १ लाख ८० हजार. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २ लाख ५२ हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले १ लाख ८९ हजार. या वयाचा गुणक १६, म्हणजे वर्षाच्या रकमेला १६ ने गुणायचं. झाले ३० लाख २४ हजार. विमा आणि लायसन्स चालू असेल तर ही रक्कम साधारणपणे विमा कंपनी भरते, चालक नव्हे.

म्हणजे पळणारा खटल्यापासून स्वतःला वाचवायला जातो आणि ३० लाखांच्या जागी २ लाखांवर आणून त्या घराचे २८ लाख बुडवतो. माझ्या मते, चालकांना १० वर्षांचा धाक घालण्याआधी हा आकडा त्यांच्यापुढे ठेवायला हवा होता.

तुटपुंजे २ लाखही घरी पोचतातच असं नाही, कारण योजना माहीत नसते. जानेवारी २०२४ मध्येच, संपानंतर काही दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावलं: महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर त्या कुटुंबाला या भरपाईची माहिती द्या.