ग्राइम आणि ड्रिल: वेग एकच, चाल निराळी

लंडनच्या वस्त्यांमधून आलेले, शब्दांचा भडिमार करणारे आणि मिनिटाला साधारण १४० ठोक्यांच्या वेगाने चालणारे संगीत, एवढ्या वर्णनात ग्राइम आणि ब्रिटिश ड्रिल ही दोन्ही बसतात. त्यामुळे पुष्कळ श्रोते दोन्हींना एकच समजतात किंवा दोन्हींना सरसकट ‘ब्रिटिश हिप-हॉप’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्यांची कुळे वेगळी आहेत.

ग्राइम २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत पूर्व लंडनमध्ये, विशेषतः बो भागात आकाराला आले. त्याचे मूळ अमेरिकी हिप-हॉपमध्ये नसून यूके गराज या ब्रिटिश नृत्यसंगीतात आहे. त्यात ‘जंगल’ या वेगवान ब्रिटिश नृत्यसंगीताची धडाडी आणि जमैकाच्या साउंड सिस्टिमवर, म्हणजे रस्त्यावरच्या नाचांसाठी उभारलेल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांवर, माइक हाती घेऊन बोलण्याची परंपरा मिसळली. रिन्स एफएमसारख्या, तेव्हा विनापरवाना चालणाऱ्या रेडिओ केंद्रांवर एकाच धूनवर अनेक एमसी (माइकवर शब्द म्हणणारे कलाकार) आळीपाळीने माइक घेत. आठ किंवा सोळा बारांत, म्हणजे तालाच्या आवर्तनांत, आपली छाप पाडायची आणि एखादी ओळ भिडली, की डीजेने तबकडी मागे फिरवून तीच धून पहिल्यापासून लावायची, या चढाओढीतूनच ग्राइमचा आवेशी, तोडून बोलणारा उच्चार घडला. धुनाही तशाच: फ्रूटी लूप्ससारख्या साध्या संगणक-प्रणालीवर घरी रचलेल्या, कोरड्या, तुटक आणि मधल्या मोकळ्या जागांमुळे अंगावर येणाऱ्या. ग्राइमचा एमसी आणि संगीतकार वायली याची ‘एस्किमो’ ही धून ऐकली, तर तिच्या पोकळ, थंडगार बेसमध्ये (खर्जातल्या सुरांत) ही सारी शैली सापडते. त्याच परिसरातल्या एमसी डिझी रास्कलच्या पहिल्या अल्बमला २००३ मध्ये मर्क्युरी हे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ब्रिटिश पारितोषिक मिळाले.

ड्रिल मात्र शिकागोच्या दक्षिण भागातून आले आणि २०१० नंतरच्या दशकात दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये रुजले. त्याचा प्रसार मुख्यतः यूट्यूबवरून झाला. आकड्यात वेग तोच असला, तरी स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचे ठोके इतके विरळ पडतात, की शरीराला लय निम्मीच वाटते. त्याखाली ८०८ या ड्रम-यंत्राचा बेस एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो आणि बोलणारा आवाज बहुधा खालच्या पट्टीत, थंड राहतो.

दोघांवर पोलिसांची नजर राहिली, हेही गल्लतीचे एक कारण असावे. लंडन पोलिसांच्या २००५ मधल्या ‘फॉर्म ६९६’ या, संगीत कार्यक्रमांतला धोका जोखण्यासाठीच्या अर्जात आयोजकांना सुरुवातीला प्रेक्षकांच्या वंशाचीही माहिती विचारली जाई. ग्राइमच्या कार्यक्रमांना त्याचा मोठा जाच झाला आणि २०१७ मध्ये तो रद्द झाला. लगेच २०१८ मध्ये पोलिसांच्या मागणीवरून ड्रिलचे अनेक व्हिडिओ यूट्यूबवरून हटवले गेले. कलाप्रकारालाच संशयित ठरवणे मला दोन्ही वेळा अन्यायाचे वाटते.

आज सीमारेषा पुसटही होते: ग्राइममधून पुढे आलेल्या स्टॉर्मझीने २०१९ च्या अल्बममध्ये ड्रिलच्या हेडी वनला सोबत घेतले. अशा वेळी गाणाऱ्याच्या नावावर न जाता बेस कुठे घसरतो आणि स्नेअर कुठे पडतो, हे ऐकावे.